सोळा नंबरच्या गल्लीचं शुद्धिपत्रक

अर्थसंकल्प मांडला जातो त्या दिवशी लोक अर्थमंत्र्यांचं भाषण ऐकतात, त्यातल्या कवितेच्या ओळींना हसतात, काय स्वस्त आणि काय महाग ते बघतात आणि टीव्ही बंद करतात. आमच्या बाईंनी ते भाषण तीस वर्षांत एकदाही शेवटपर्यंत ऐकलेलं नव्हतं. "भाषण म्हणजे दुकानाची पाटी," असं त्या वर्गात सांगायच्या. "माल बघायचा तर आत शिरा." आत म्हणजे परिशिष्टात. अर्थसंकल्पाच्या गठ्ठ्यातलं सगळ्यात जाड, सगळ्यात वाईट छापलेलं, आमदार ज्याच्यावर चहाचा कप ठेवतात ते शेवटचं पुस्तक. त्यात छोट्या कामांची यादी असते. अमुक वस्ती, तमुक गल्ली, इतके फूट नळाची लाइन, इतके दिवे. लाल पेन्सिल घेऊन बाई त्या यादीत अशा रमायच्या, की विभागातला शिपाई आल्यागेल्याला सांगायचा, "आत जाऊ नका, बाई माहेरी गेल्यात."

बाई राज्यशास्त्राच्या प्राध्यापक. आता, मतदारांवर पुस्तकं लिहिणाऱ्या बऱ्याच जणांनी मतदार लांबूनच पाहिलेला असतो. बाईंचं तसं नव्हतं. चोवीस वर्षांपूर्वी त्यांनी शहराच्या कडेची एक वस्ती निवडली. चाळीस गल्ल्या, सहाशे घरं. दर निवडणुकीनंतर त्याच सहाशे घरांत जायचं, ओट्यावर नाहीतर पायरीवर बसायचं आणि तेच प्रश्न विचारायचे. मत कुणाला दिलं? का दिलं? मागच्या वेळेपेक्षा बदललं का? अशा पाच निवडणुका झाल्या. घरातली कर्ती माणसं म्हातारी झाली, नव्या सुना जुन्या झाल्या, पण बाई काही चुकल्या नाहीत.

लोक खरं सांगायचे, कारण बाई प्रत्येक दारात एकच वाक्य म्हणायच्या, "तुम्ही सांगाल ते माझ्या अभ्यासात जाईल, पण कुठल्या घरानं सांगितलं ते कुणालाही कळणार नाही. माझा शब्द आहे." फॉर्मवर नाव नसायचं, नुसता आकडा. कुठला आकडा म्हणजे कुठल्या गल्लीतलं कुठलं घर, ती यादी वेगळी आणि ती बाईंच्या घरी लोखंडी कपाटात कुलूपबंद. बाईंचा नवरा बँकेतून रिटायर झालेला, जिभेचा तिखट माणूस. तो म्हणायचा, "आमच्याकडे चोर आला तर बिचाऱ्याची फार फजिती होईल. सोनं पिठाच्या डब्यात आणि तिजोरीत मतदार!"

तर यंदाचं परिशिष्ट आलं. निवडणूक वर्षावर आलेली. बाईंनी पहिल्यांदा आपली वस्ती काढली. नळाच्या लाइनी मंजूर झाल्या होत्या, पण चाळीस गल्ल्यांना नाही, तेवीसच गल्ल्यांना. इंजिनियरांनी तर दोन वर्षांपूर्वी सगळ्या चाळीस गल्ल्या सुचवल्या होत्या. मग या सतरा गेल्या कुठं? सवयीनं बाईंनी शेजारी आपली गल्लीवार मतांची यादी मांडली. सरकारला मत दिलेल्या गल्ल्यांना नळ होता. न दिलेल्यांना नव्हता.

तुम्ही म्हणाल, यात नवं काय? सगळी सरकारं हेच करतात, बाईंनीच त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिलाय. मान्य. पण सरकारला कळतं ते मतदान केंद्रापुरतं. तिथं आठ-आठ गल्ल्यांचं एक केंद्र, सगळ्यांची मतं एकत्र. त्यातून कुठली गल्ली आपली आणि कुठली परकी हे ब्रह्मदेवाला कळणार नाही. ते कळायला सहाशे पायऱ्यांवर बसावं लागतं, आणि तेवढं बसलेलं माणूस जगात एकच होतं.

"योगायोग असेल," बाई स्वतःशीच पुटपुटल्या. अभ्यासाची सवय, लगेच विश्वास ठेवायचा नाही. त्यांनी एकेक गल्ली टिक करत नेली. अडतीस गल्ल्या जुळल्या. दोन जुळल्या नाहीत. नऊ नंबरची गल्ली म्हणजे सरकारी पक्षाची हक्काची, घराघरात नेत्याचा फोटो, आणि तिला नळ नाही. सोळा नंबरची गल्ली गेल्या निवडणुकीत सरकारच्या विरोधात गेलेली, आणि तिला नळ आहे. दुसऱ्या कुणाचा जीव भांड्यात पडला असता, की चला, आपला संशय खोटा. बाईंचा संशय मात्र तिथंच पक्का झाला.

कारण गेल्या खेपेला फॉर्मांचे गठ्ठे बांधताना नऊ आणि सोळाच्या चिठ्ठ्या उलट्या लागल्या होत्या. बाईंनी स्वतःच्या हातानं लावलेल्या, घाईघाईत. पाच महिन्यांनी चूक सापडली ती अशी, की नऊच्या गठ्ठ्यात एका फॉर्मवर 'धंदा: शिवणकाम' असं निघालं, आणि शिवणकाम करणारी बाई राहायची सोळात. बाईंनी आपली यादी दुरुस्त केली. पण त्याआधी त्या चुकीच्या यादीची एक प्रत घराबाहेर गेली होती. एकच. ती त्यांनी दिली होती शंकासुराला.

शंकासुर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पहिल्या वर्षी दर तासाला हात वर करून तो म्हणायचा, "बाई, एक शंका आहे." पोरांनी बारसं करून टाकलं. अंगावर दोन शर्ट घेऊन आलेला हा मुलगा बाईंच्या घरी कधी जेवायला लागला, तापानं फणफणला तेव्हा त्यांच्या पलंगावर पंधरा दिवस कधी झोपला, कुणाला कळलं नाही. बाईंना मूल नव्हतं. नवरा चिडवायचा, "तुला पोरगा झाला तोही मिशा फुटलेला." बाईंनी त्याचा प्रबंध नऊ वेळा तपासला, शिफारशी लिहिल्या. प्रबंधासाठी त्याला गल्लीवार आकडे हवे होते, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कपाटातल्या यादीची, फॉर्मांतल्या उत्तरांसकट, नक्कल करू दिली. "काम झालं की फाडून टाक," त्या म्हणाल्या. काम झालं तेव्हा त्यानं फोन केला, "बाई, फाडली बरं का." प्रबंधात नुसत्या सरासऱ्या होत्या, नऊ-सोळाच्या उलटापालटीनं काही बिघडत नव्हतं, म्हणून ती चूक त्याला कळवायची राहून गेली. आता तो अर्थमंत्र्यांचा सल्लागार होता. दर वाढदिवसाला बाईंना साडी पाठवायचा.

"आधी खात्री कर, मग भांड," नवरा म्हणाला.

"खात्रीच आहे. माझी चूक ओळखते मी. स्वतःच्या हातची चूक लाखात ओळखू येते."

"मग जा आणि त्याचा कान धर."

पण बाई लगेच गेल्या नाहीत. खरं सांगायचं तर घाबरल्या. तो नाही म्हणाला तर तो खोटारडा ठरणार, हो म्हणाला तर त्याहून वाईट. दोन आठवडे त्यांनी चालढकल केली आणि मग शंकासुराकडे जायच्या ऐवजी गेल्या वस्तीत.

सोळा नंबरच्या तोंडाशी निळे पाइप रचून ठेवले होते. उंबऱ्याउंबऱ्यावर लाल रंगाच्या खुणा केलेल्या. शिवणवालीनं लांबूनच पाहिलं आणि मशीन सोडून धावत आली. "ताई! या, या! बघितलंत का? नळ येतोय!" पहिल्या खेपेला बाई आल्या तेव्हा ती नवी सून होती, मान वर करून बोलायची नाही. आता पंचेचाळिशी गाठलेली, दोन्ही गुडघे गेलेले. कोपऱ्यावरच्या नळावरून दिवसाला चौदा बादल्या, त्याही चढावर. तिनं बाईंना उंबऱ्यावरची लाल खूण दाखवली, कुणी नवं बाळ दाखवावं तशी. मग आतल्या खोलीकडे बघून आवाज खाली आणला. "मी काही यांना मत दिलं नव्हतं हो. तुम्हाला सांगितलंच होतं. नवरा, सासरे, सगळे त्यांचे भक्त. त्यांना कळलं ना, तर घरात उभं करायचे नाहीत मला. पण म्हटलं, बघा, न देताही नळ आला! सरकार तेवढं वाईट नाही म्हणायचं."

 हा नळ सरकारनं दिला नव्हता, चिठ्ठीच्या चुकीनं दिला होता. त्या हसल्या, चहा प्यायल्या आणि परतताना मनाशी पक्कं ठरवलं, की शंकासुराला काय वाटेल ते बोलेन, पण सोळाचा स काढणार नाही.

सचिवालयात त्याची खोली पाचव्या मजल्यावर होती. जाड गालिचा, झाकण घातलेला पाण्याचा पेला, भिंतीवर मतदारसंघांचा नकाशा. बाईंना बघून तो धडपडत उठला. "बाई! अहो, बोलावलं असतं तर मी आलो असतो. बसा. बिनसाखरेचा चहा सांगतो."

"यादी फाडली होतीस ना?"

कुठली यादी, असं त्यानं विचारलं नाही. बाईंना पहिली कळ तिथंच आली.

"बाई, नावानिशी मी कुणालाच काही दिलेलं नाही," तो सावकाश म्हणाला. "फक्त गल्ल्या दिल्या. घरांचे आकडे माझ्याकडेच आहेत."

"तुझ्याकडे तरी का आहेत? मी दारोदार शब्द दिलाय रे! चोवीस वर्षं! माझ्या घरात जेवलास, माझ्या पलंगावर झोपलास आणि केसानं गळा कापलास माझा!"

"तुमच्याच पुस्तकात आहे ना, सरकार मतं बघून कामं काढतं? आधी ते अंदाजानं चालायचं. मी जरा शास्त्रीय केलं."

"मी ते लिहिलं लोकांना लाज वाटावी म्हणून! करून बघा म्हणून नव्हे!"

तो हसला. ते हसू बाईंना पाठ होतं. पुढचं वाक्यही पाठ होतं. "बाई, एक शंका आहे. तुम्ही तीस वर्षं लिहिलंत. त्यानं कुठल्या गल्लीला एक तरी नळ आला? मी एका वर्षात तेवीस गल्ल्यांना पाणी दिलं."

आणि बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याला पहिली तळटीप लिहायला शिकवलं, तो त्यांना त्यांच्या आयुष्याची किंमत सांगत होता.

"काय दिलंस रे तू? यादी तरी तपासलीस का?" त्या उठून उभ्या राहिल्या. "शंभरदा सांगितलं होतं, कच्च्या यादीवर विश्वास ठेवायचा नाही! नऊ आणि सोळा उलटे आहेत त्यात! तुमच्याच माणसांचे नळ कापून विरोधकांना दिलेस, गाढवा! आणि म्हणे शास्त्रीय!"

बोलून गेल्या. जन्मभर दुसऱ्यांच्या आकड्यांतल्या चुका काढल्या, ती खोड ऐन वेळी कशी गप्प बसेल! शब्द तोंडातून सुटला आणि त्यांना कळलं, पण तोवर शंकासुरानं पेन उचललं होतं. वर्गात लिहून घ्यायचा तसं त्यानं मान खाली घालून लिहून घेतलं.

"नऊ आणि सोळा," तो म्हणाला. "थँक्यू, बाई. नऊवाले रोज येऊन डोकं खात होते. आम्हाला कळेचना कुठं चुकलं."

"ते खोडून टाक. शंक्या, ऐक माझं, सोळाचं काही करू नकोस. पाइप येऊन पडलेत तिथं. नऊला वेगळे दे ना, सरकारला काय तोटा आहे?"

"मी बघतो."

"बघतो म्हणजे?"

"बघतो म्हणजे बघतो, बाई. तुम्ही नका त्रास करून घेऊ. बीपीची गोळी घेता ना वेळेवर?" तो त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला आला. दार बंद होईपर्यंत हात जोडून उभा होता.

सभागृहात मंत्र्यांनी दिलेल्या आश्वासनांचं पुढं काय होतं, यावर बाईंचा एक अख्खा निबंध आहे. 'बघतो' म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! तरीही त्या आठ दिवस आशेवर राहिल्या. प्रेमापुढे अभ्यास कसला टिकतोय. नवव्या दिवशी शुद्धिपत्रक आलं. एकच पान. 'परिशिष्ट, पान २१४. गल्ली क्रमांक १६ ऐवजी गल्ली क्रमांक ९ असे वाचावे. मुद्रणदोष.'

बाईंनी ते नवऱ्यापुढं ठेवलं. "तीस वर्षांत सरकारनं माझी पहिलीच सूचना मान्य केली," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना रडूच कोसळलं. जिभेचा तिखट नवरा त्या दिवशी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसला. 

दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्र लिहिलं, एक प्रत कुलगुरूंना, एक सभागृहाच्या अध्यक्षांना, एक वर्तमानपत्राला. यादी कशी होती, कुणाला दिली, तिचं काय झालं, सगळं. नवऱ्यानं वाचलं. "तुझं पेन्शन अडकवतील. ज्या अभ्यासाला जन्म दिलास त्याला कुलूप लागेल."

"लागू दे."

"आणि त्याचं?"

"त्याचं तो बघेल," बाई म्हणाल्या. "पण पेपरात यायच्या आधी त्या सहाशे घरांना माझ्या तोंडून कळायला हवं." आणि त्या निघाल्या. सुरुवात सोळापासून.

गल्लीच्या तोंडाशी पाइप नव्हते. ट्रकची चाकं रुतून ओल्या मातीत दोन चर पडले होते, त्यात पोरं काठ्या बुडवत होती. शिवणवाली मशीनवर होती. वर बघून म्हणाली, "या ताई. बघितलंत? नेले की हो. छापायची चूक झाली होती म्हणे. छापायच्या चुकीनं कुणी पाइप आणून टाकतं का? या, बसा."

बाई बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. यादी, तिची नक्कल, तिच्यातली नऊ-सोळाची उलटापालट, मंत्र्याचा सल्लागार. शिवणवालीला आधी काही उमजेना. हसत हसतच ऐकत होती. मग मशीनवरचा तिचा पाय थांबला.

"त्या यादीत माझं घर आहे?"

"आहे."

"आणि मी काय सांगितलं होतं, तेही?"

"आहे."

आत सासरे खोकले. तिनं तिकडं पाहिलं, उठून मधलं दार लोटलं आणि परत येऊन बसली. 

"तो माझ्या मुलासारखा होता गं," बाई म्हणाल्या.  "माझ्या घरात वाढला. मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. त्यानं मला फसवलं."

"असेल. त्याला मी ओळखतही नाही," शिवणवाली म्हणाली. "मी त्याला काही सांगितलंच नव्हतं. मी तुम्हाला सांगितलं होतं."

 ती अर्धवट शिवलेला झगा मांडीवर घेऊन विचार करत होती, कापडाचा हिशेब जुळवताना करायची तसा. "एक मला कळत नाही," ती म्हणाली. "त्याच्याकडे यादी चुकीची होती. म्हणून आम्हाला मिळालं होतं. मग चूक त्याला कळली कशी?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. कुणीतरी सांगितली, नऊवाल्यांनी आरडाओरडा केला, काहीही. त्या खोलीत त्यांना खोटं ठरवणारं कुणी नव्हतं.

"मी सांगितली."

"तुम्ही?"

"रागाच्या भरात. तोंडातून निघून गेलं."

"तुम्हाला माहीत होतं, नळ आम्हाला चुकून मिळाला होता ते? मी चहा दिला त्या दिवशी माहीत होतं?"

बाईंनी होय म्हणून मान हलवली. 

शिवणवालीनं सुईत दोरा ओवला. चष्म्याशिवाय दिसत नव्हतं, तीन वेळा चुकला. बाई मदतीला वाकल्या तशी तिनं हात मागं घेतला. रागावली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं.

"पुढच्या निवडणुकीनंतर याल ना?" तिनं विचारलं.

"तुला चालणार असेल तर."

"या की. का नाही यायचं?" ती मशीनकडे बघतच म्हणाली. "काय विचारायचं ते विचारा. गल्लीत चारचौघांत जे सांगते ना, तेच तुम्हालाही सांगेन, मॅडम."